अंगणातली पेरणी

"सोयाबीनच्या गावाले मक्याची चकती देली तुम्ही, अन् नाव बायाईचं खराब केलं! एका तरी साहेबानं आधी दाणा टाकून पाह्यला काय?"

सुभद्रा फोनवर इतकी कडाडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पलीकडून कृषी कार्यालयातला साहेब गार आवाजात म्हणाला, "बाई, ढकलताना तुमचाच वेग चुकला असेल." आणि फोन बंद.

बुटीबोरीच्या कारखान्यांनी गावातल्या बाया ओढून नेल्या, तेव्हापासून टोकणीला माणूस मिळेना. म्हणून सुभद्रानेच बचत गटातल्या दहा जणींना पटवलं होतं, कृषी कार्यालयाकडून हातानं ढकलायचं पेरणीयंत्र घेऊ. चाक फिरलं की चकती फिरते, चकतीच्या छिद्रातून दाणा पडतो; मक्याच्या चकतीची छिद्रं मोठी आणि लांब लांब असतात. "परवडन काय वं?" प्रत्येकीनं विचारलं. प्रत्येकीला तिनं छातीठोक हो म्हटलं. यंत्राला हार पडला, साहेबानं फोटो काढला, सही घेतली. पहिलं वावर इंदूबाईचं. आठव्या दिवशी झुपके-झुपके उगवले आणि मध्ये उघडी माती.

"वावर कायचं वं, न्हाव्यानं अर्धं सोडलेलं डोकं दिसून राह्यलं," इंदूबाई म्हणाली. पण हसली नाही. तेच सुभद्राला लागलं.

रस्त्यानं जाणारा रुपराव थांबला. "वैनी, भंगारवाला आला ना. देऊन टाका तो गाडा!"

"देईन ना भाऊजी. तुमची मिशी बी त्यातच टाकून देईन!"

दुसऱ्या सकाळी तिनं अंगण सारवलं. नेहमीसारखं पातळ नाही, चांगला जाड थर. ओलं असतानाच त्यावरून यंत्र ढकललं. वावरात दाणा मातीत दडतो, शेणात जिथं पडला तिथंच चिकटतो. हळू ढकललं, धावत ढकललं, मग इंदूबाईला ढकलायला लावलं. ओळ तीच. तीन दाणे एका जागी, मग वीतभर काही नाही, पुन्हा तीन.

"म्हणजे आपली चूक नाही?" इंदूबाईनं विचारलं.

"आपली नाही, यंत्राचीबी नाही. बरोबर चकती बसली त आजबी परवडते."

कोंबड्यांनी दाणे टिपू नयेत म्हणून दहा जणींनी पाळीपाळीनं काठी घेऊन अंगण राखलं. पाळी नसलेल्या कार्यालयाच्या दारात जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी साहेब अंगणात आला. मांडून ठेवलेल्या खुर्चीकडे निघाला, तसा सुभद्रानं हात आडवा केला.

"पाय जपून टाका. पेरलं हाय तिथं."

साहेब वरूनच बघत म्हणाला, "प्रात्यक्षिक शेतात करायचं असतं बाई. अंगणात कोणी पेरतं का?"

"वावरात तुमचं पाप मातीखाली जाते ना!"

"यंत्रं वरूनच तशी आली. मी काय करणार?"

"सही घ्याले मात्र तुम्हीच आलते."

साहेबानं घड्याळ पाहिलं. जीप सुरूच होती. दुबार पेरणी साधायला चारच दिवस उरले होते. दहाही जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

सुभद्रा खाली बसली. वाळलेल्या शेणावर, दोन झुपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तिनं पंजा पसरून ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जागा बरोबर भरली. हात न उचलता तिनं वर पाहिलं.

"या वीतभर जाग्यात इंदूबाईनं काय पिकवाचं, साहेब? सांगा, अन् मंगच जीपीत बसा."