काकडीच्या आतलं औषध

घरजावयाला सासऱ्यांच्या काचघरात तोंड उघडायची सोय नसते. सासऱ्यांनी फाटकावर पाटी ठोकली होती, ‘बिनफवारणीच्या काकड्या’, आणि त्या पाटीपुढे कोणाच्या बापाचं काही चालायचं नाही. पण वेलांवर भुरी रोग चढला, पानं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी झाली, तेव्हा या बहाद्दराने सासरे वामकुक्षीला गेलेले बघून बुरशीचं औषध मारलं. हातमोजे, मास्क, मापात पाणी, सगळं कसं शिस्तीत! बाटलीवर लिहिलं होतं, फवारणीनंतर आठवडाभर तोडणी करू नये. पण ते सांगणार कोणाला? सांगितलं की उचला गाठोडं.

आणि आज सासूबाईंनी त्याच काकड्या चिरून गरोदर लेकीपुढे ठेवल्या.

"खा गं, चांगल्या चोळून धुतल्यात."

धुऊन काय उपयोग! हे औषध वरवर बसत नाही, पानातून आत शिरतं आणि रसाबरोबर वेलभर फिरतं. जावयाने बशी ओढली आणि भराभर फोडी तोंडात कोंबल्या.

"अहो, डोहाळे मला लागलेत की तुम्हाला?" बायको हसली.

"खाऊ दे, अजून चिरते," म्हणत सासूबाईंनी टोपली पुढे घेतली. काठोकाठ भरलेली. एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार?

"बाबा, तुम्ही घ्या ना," बायको वडिलांना म्हणाली.

"नको, पोट जड आहे," सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

बायकोने नवी फोड उचलली, तोंडाशी नेली.

"थांब!" तो ओरडला. आणि त्याच क्षणी सासरेही ओरडले.

"मी औषध मारलंय," त्याने सांगून टाकलं. "परवा." आता घर सुटलं, असं समजून त्याने मान खाली घातली.

"परवा?" सासऱ्यांचा चेहरा पडला. "मी काल मारलं."

सासूबाईंच्या हातातली सुरी तशीच राहिली. "अगं बाई! मग सकाळी दुकानात गेली ती पेटी?"

मग सासऱ्यांनी फोन उचलला.

"त्या काकड्या विकू नका. ज्यांनी नेल्या त्यांना कळवा. हो, औषध आहे त्यात. कोणी म्हणजे? मीच मारलं."

फोन ठेवून ते जावयाकडे न बघता म्हणाले, "चला, पाटी काढायचीय. शिडी धरा."