शेवटची चिमूट

"मनियाराचं घर तेवढं सोडा, जिवनबाई. तिथं कोन हाय आता?" लेकीच्या लग्नाच्या अक्षतांची वाटी हाती देताना नीलाबाईंनी बजावलं.

"व्हय," म्हणून जिवनबाईने पदर खोचला आणि ती निघाली.

वसमतच्या या जुन्या पेठेत लग्नाचं आवतन द्यायचं काम तीस वर्षं तिच्याकडे होतं. अक्षरओळख नव्हती, पण पेठेतली दारं तोंडपाठ होती. जाताना एका बाजूची, येताना दुसऱ्या बाजूची. उंबऱ्यावर एक चिमूट अक्षता टाकायची आणि "सोमवारी चूलबंद आवतन हाय" म्हणायचं. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. तिचे नियम दोनच. दार वगळायचं नाही आणि अक्षता घरी परत आणायच्या नाहीत.

पडक्या नगारखान्याच्या कमानीखालून ती पेठेत शिरली. पुढे गोपीचंद शेटजींची तीन मजली हवेली, सज्ज्याखाली लाकडी राघू, त्यातले दोन बिनचोचीचे.

"जिवनबाई, जिलबी हाय का बुंदी?"

"आधी गादीवरून उठून तर दावा, शेटजी!"

पुढे मठाची दगडी देवडी लागली. मग पेठ एकदम गप्प झाली. भर दुपार होती. डाव्या हाताला मनियाराचं घर आलं. उंच जोतं, नक्षीची महिरप, हिरवं दार, दाराला कुलूप. जिवनबाईने मान खाली घातली आणि पाय उचलले.

पेठेतल्या प्रत्येक नवरीचा चुडा इनायत मनियार भरायचा. बांगडी चढताना दुखू नये म्हणून त्याची बायको रहिमाबी नवरीचा पंजा दाबून धरायची. गेल्या भादव्यात राज्य बदललं आणि मुसलमानांच्या घरांवर जमाव चालून येऊ लागले. त्या धामधुमीत एका दुपारी रहिमाबीने जिवनबाईचं दार तीनदा वाजवलं होतं.

"जिवन, दरवाजा खोल गे."

जिवनबाई आतून कडीवर हात ठेवून उभी होती. भीतीने तिने कडी काढली नाही. संध्याकाळी हिरव्या दाराला कुलूप दिसलं. ती माणसं कुठे गेली, पोचली की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. दार वाजल्याचं जिवनबाईने अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

शेवटचं घर झालं आणि तिने वाटीत पाहिलं. एक चिमूट उरली होती.

तीस वर्षांत असं झालं नव्हतं. सकाळी तांदळाला कुंकू तिनेच लावलं होतं. तोंडाने "व्हय" म्हणाली, पण हाताने मनियाराचे तांदूळ आधीच मोजून घेतले होते. उरलेल्या अक्षता दुसऱ्याच्या उंबऱ्यावर टाकायला बोटं वळेनात. ती माघारी फिरली.

कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. तिने अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या.

"रहिमाबी, सोमवारी चूलबंद आवतन हाय."

महिरपीतले पारवे घुमायचे थांबले. तिने दार वाजवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

आत बांगड्या किणकिणल्या. दूर नाही, अगदी फळीच्या पलीकडे. कुणीतरी कडीवर हात ठेवला होता. जिवनबाईने फळीला कान लावला. किणकिण पुन्हा झाली नाही. दारही उघडलं नाही.

"नको उघडू, बाई," ती रडतच म्हणाली. "म्याबी उघडलं नव्हतं. पर जेवायला ये."

सोमवारी नीलाबाईंच्या अंगणात पंगती बसल्या. मनियाराच्या घरची पंगत दर लग्नात वेगळी, गोठ्याच्या भिंतीकडे बसायची. तो कोपरा या वेळी रिकामाच होता. जिवनबाई तिथे जाऊन बसली आणि तिने शेजारी दुसरी पत्रावळ मांडली.

"ही कोनाची?" वाढप्याने विचारलं.

"वाढा तुमी. येऊन राहिली ती."

वाढप्याने नीलाबाईंकडे पाहिलं. नीलाबाईंनी त्याच्या हातातलं ताट घेतलं आणि त्या पत्रावळीवर स्वतः बुंदी वाढली. पंगत उठेपर्यंत जिवनबाईने आपल्या पानाला हात लावला नाही.