सात थांब्यांची वाट

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. खुर्ची म्हणवून घेते खरी, पण मला पाठ नाही, हात नाहीत. चार लाकडी पाय, मधे एक लोखंडी खिळा आणि वर जाड कापडाची पट्टी, एवढाच माझा संसार. हसू नका मित्रांनो. माझ्यावर किती जणांनी बूड टेकलं आणि किती जणांनी सुटकेचा श्वास सोडला, ते ऐकलंत तर तुमचं हसू आपोआप मावळेल.

एका म्हाताऱ्या सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला बनवलं. मला घेतलं ते एका रंगाऱ्याने. भिंतीचा खालचा भाग रंगवताना उकिडवं बसून त्याचे गुडघे बोलायला लागले होते. दहा-बारा वर्षं मी त्याच्याबरोबर घरोघरी हिंडले. माझ्या पायांवर अजून रंगांचे डाग आहेत. हा निळा एका दवाखान्याचा, हा गुलाबी एका नव्या बाळाच्या खोलीचा. काम संपलं की रंगारी मला फडक्याने पुसायचा आणि घरी दाराआड उभी करायचा. मी तिथून सगळं ऐकायची. दाराआडून जेवढं कळतं, तेवढं दारात उभं राहून कळत नाही.

त्या घरात रंगारी, त्याची बायको, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि रंगाऱ्याची थोरली बहीण राहायची. मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. थोरली बहीण म्हणजे भिंगरीची आत्या. आत्या चाळीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई म्हणून होती. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. मैदानावर तिला कुणी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्याचा तिला केवढा तोरा!

मग एका वर्षी तिच्या छातीत दुखणं भरलं. महिनाभर ती दवाखान्यात होती. बरी होऊन आली, पण श्वास काही पुरता घरी आला नाही. शंभर पावलं चालली की तिला थांबावं लागे.

घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर टेकडी होती आणि टेकडीपलीकडे तळं. आत्या दरवर्षी शाळेच्या मुलांना तिथे न्यायची. चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत कसा पाठवायचा, हे तिच्याइतकं कुणालाच जमत नसे. ‘तुला शिकवीन,’ असं तिने भिंगरीला कबूल केलं होतं. ते दुखण्यात राहून गेलं.

एका रविवारी सगळ्यांनी ठरवलं, चला तळ्यावर. वाटेच्या तोंडाशी पाटी होती: ‘सोपी वाट. सहकुटुंब चालण्यास योग्य. पाऊण तास.’ मला कुणी बरोबर नेलं नव्हतं, त्यामुळे पुढचं मी ऐकलेलं सांगते. पहिल्याच चढावर आत्या कुंपणाचा खांब धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते, तरी म्हणत होती, “मी ठीक आहे. मी अगदी ठीक आहे.” बसायला एक दगड नाही, एक ओंडका नाही. तेवढ्यात एक धावणारा माणूस बाजूने गेला आणि जाता जाता म्हणाला, “अहो, ही तर एकदम सोपी वाट आहे!” शेवटी रंगाऱ्याने बहिणीला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. ज्या भावाला तिने लहानपणी कडेवर खेळवलं, त्याच्याच पाठीवर बसून तिला उतरावं लागलं.

घरी आल्यावर तिने पांढरे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले.

“यापुढे तुम्ही जात जा,” ती म्हणाली. “मी घर सांभाळते.”

“ताई, असं काय करतेस?” रंगारी म्हणाला.

“घर कुणीतरी सांभाळायला हवं की नको?”

घराला काय झालं होतं सांभाळायला? ते काही पळून जात नव्हतं. पण आत्या खिडकीत बसली ती बसलीच. दोन महिने ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेली नाही. भावजयीने समजावलं, डॉक्टरांनी दटावलं. आत्या ढिम्म. दाराआडून मी तिचे सुस्कारे मोजायची आणि माझा जीव तुटायचा. बसवणं हे माझं काम, पण असं बसलेलं माणूस मला बघवत नाही.

मग एका सकाळी भिंगरीने मला दाराआडून ओढलं.

“आत्या, मला कालव्याच्या कडेने फिरायचंय. पण माझे पाय फार दुखतात. मी ही खुर्ची घेणार. तू नुसती सोबत चल.”

भिंगरीचे पाय दुखणार! चाळीस वर्षं पोटदुखीची आणि मुरगळलेल्या घोट्यांची नाटकं पाहिलेली बाई ती. तिला हे कळलं नसेल होय? तिने भाचीकडे रोखून पाहिलं. भिंगरीने चेहरा इतका केविलवाणा केला की मलाच हसू फुटत होतं. आत्या उठली. तिने माळ्यावरून बूट काढून घेतले.

कालव्याच्या कडेने ऐंशी पावलं झाली आणि आत्याचा श्वास वाजायला लागला. लगेच भिंगरी कळवळली, “आई गं, माझे पाय!” मला उघडलं, माझ्यावर टेकली आणि क्षणात उठली. “आत्या, मी जरा पाण्यात डोकावून येते. तोवर तू माझी जागा धर ना.”

आत्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. तिने माझ्यावर हाताने दोनदा थापटलं आणि हळूच म्हणाली, “काय गं, धरशील ना?”

आणि ती बसली. मित्रांनो, मी कितीतरी वजनं पेलली आहेत. पण ते वजन पेलताना मला वाटलं, सुताराने मला याच दिवसासाठी बनवलं असणार.

त्या दिवशी भिंगरीचे पाय चार वेळा दुखले.

मग दर रविवारी आम्ही घराजवळची एक नवी वाट धुंडाळायला लागलो. कालव्याची, जुन्या वीटभट्टीमागची, मैदानाला वळसा घालणारी. आमच्या घरात वाट मिनिटांत मोजणं बंद झालं. मी किती वेळा उघडले, त्यावर वाट मोजायची. दोन थांब्यांची वाट, चार थांब्यांची वाट. आत्याने शाळेची एक कोरी वही काढली आणि त्यात टिपणं सुरू केली. ‘वीटभट्टीमागची वाट. थांबे तीन. सावली भरपूर. कुत्रा भुंकतो, पण भित्रा आहे. फाटकापाशी बाबागाडी उचलावी लागेल.’ एका ठिकाणी नुसतंच लिहिलं होतं, ‘चढ लबाड आहे.’ जिथे मी उघडायची, तिथे रंगारी उरलेल्या पिवळ्या रंगाचा एक ठिपका दगडावर द्यायचा. म्हणजे पुढच्या वेळी कळावं, बसायची सपाट जागा इथे आहे.

हळूहळू शेजारीपाजारी वही मागायला यायला लागले. जुळ्या बाळांची आई आली, कुबडीवाला शिंपी आला. तो म्हणाला, “बाई, पाटीवर सोपी लिहितात, पण कुणाला सोपी, ते कुठे लिहितात?” आत्या त्यावर कितीतरी वेळ मान हलवत होती.

शेवटी राहिलं ते तळं.

पहिल्या रविवारी पाचव्या थांब्यावर आत्या स्वतःच म्हणाली, “आज एवढंच.” भिंगरीचा चेहरा पडला, पण तिने माझी घडी करून मला खांद्याला अडकवलं. पुढच्या रविवारी पुन्हा निघालो. पाचवा थांबा झाला. सहावा झाला. सातव्या थांब्यावर आत्या माझ्यावर बसली आणि झाडांमधून समोर पाणी लखलखलं. ती बघतच राहिली. डोळे भरून आले, तर म्हणते कशी, “धूळ फार आहे इथे.” मग काठाशी जाऊन तिने एक चपटा दगड उचलला, मनगट वळवलं आणि सोडला. एक, दोन, तीन, चार टप्पे! भिंगरीचा दगड डुबुक करून बुडाला. “कोपर खाली,” आत्या ओरडली. तो मैदानावरचा आवाज होता. मी तो घरात कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर मात्र माझे वाईट दिवस आले. तळ्याच्या वाटेवरचे सात थांबे सहा झाले, सहाचे चार, आणि वर्ष सरता सरता एकच उरला. मी भिंगरीच्या खांद्याला नुसती लटकत जायची आणि तशीच परत यायची. खरं सांगू? मला राग यायचा. एवढं केलं आणि आता मला विचारत नाहीत! पण मग आत्या पुढे झपझप चालताना दिसायची, आणि मनात यायचं, अगं वेडे, तुला कुणी विचारत नाही ही तुझीच तर कमाई आहे.

एकदा तळ्याच्या वाटेवर चौथ्या ठिपक्यापाशी एक आजोबा झाडाला धरून उभे होते. बरोबर कुणी नव्हतं. ओठ पांढरे पडले होते.

“मी ठीक आहे,” ते म्हणाले. “अगदी ठीक.”

आत्या थबकली. मग तिने मला भिंगरीच्या खांद्यावरून काढून उघडलं. “आमच्या भाचीचे पाय फार दुखतात हो,” ती म्हणाली. “पण ती गेली फुलं बघायला. तोवर जरा जागा धरता का?”

आजोबा बसले. भिंगरी मागच्या मागे फुलं बघायला पळाली. तिथे एकही फूल नव्हतं.

परत निघताना आत्याने मला तिथेच ठेवायचं ठरवलं. पुढच्या रविवारी रंगाऱ्याने दोरीने मला झाडाला बांधलं आणि वर एक पत्र्याची पाटी लावली: ‘बसा. उठल्यावर घडी करून ठेवा.’ ते सगळे वळणापलीकडे गेले. मला वाटलं, टाकून गेले.

तेव्हापासून मी इथे आहे. कितीतरी जण माझ्यावर टेकले. कुणी बाळाला पाजलं, कुणी बुटातला खडा काढला. काही जण मला उघडी टाकून गेले आणि पावसात माझं कापड कुजलं. एकाने तर उगाच माझ्यावर उड्या मारल्या आणि एक पाय तडकला. पायाला रंगाऱ्याने लाकडी पट्टी ठोकली. भिंगरीने बाबांच्या रंगकामाच्या चादरीतून नवी पट्टी शिवली. टाके वाकडेतिकडे आहेत, पण घट्ट आहेत.

भिंगरी आता आत्यापेक्षा उंच झाली आहे. परवाच्या रविवारी दोघी आल्या. आत्याचा हात भाचीच्या खांद्यावर होता. पावलं लहान होती, श्वास वाजत होता. चौथ्या ठिपक्यापाशी भिंगरी थांबली.

“आई गं,” ती म्हणाली, “आत्या, माझे पाय दुखायला लागले बघ.”

आत्या हसली. “पुरे तुझी नाटकं. माझे दुखतायत. मलाच बसायचंय.”

तिने माझ्यावर दोनदा थापटलं. “काय गं, धरशील ना?”

धरलं, मित्रांनो. तडकलेल्या पायासकट सगळं बळ एकवटून धरलं. ती बराच वेळ बसली. मग उठली, आणि भिंगरीने हात पुढे केला तरी तिने स्वतःच वाकून माझी घडी केली, धूळ झटकली आणि मला झाडाला टेकवून ठेवलं.

तेवढं तुम्हीही करत जा.