न टोचलेलं घुंगरू

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. चपलांच्या मांडणीच्या खालच्या फळीवर मला ठेवलंय खरं, पण जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की माझी आतल्या आत चुळबुळ सुरू होते. मी एक बूट आहे. जुना, उजव्या पायाचा. रंग निळा होता, आता कसला म्हणावा ते तुम्हीच बघून ठरवा. शेजारी डावा बसलाय, माझा जुळा भाऊ. तो खुशाल झोपतो. त्याच्या पोटात काही पडलं नव्हतं ना! माझ्या पडलं होतं, आणि ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. रबराचा तळ, त्यावर जाळीदार कापड, आत मऊ गादी. एका बाईनं भराभर नाडी ओवली, जिभेवर एक थाप मारली आणि मला खोक्यात घातलं. ती थाप मी आशीर्वाद समजलो. पुढे चिकपेटच्या गल्लीतल्या एका दुकानात खोकं उघडलं, तेव्हा समोर रघुपतीअण्णा उभे होते.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. बेंगळुरूत त्यांचे केस पिकले. यशवंतपूरच्या बाजारात एका धान्याच्या गोदामावर त्यांची देखरेख. म्हणजे पोती उतरेपर्यंत सिमेंटच्या जमिनीवर दिवसभर उभं राहायचं. घरात मराठी, गोदामात कन्नड आणि मनात चोवीस तास कीर्तन. रक्तातली साखर वाढली, रोज चालायला जा, असं डॉक्टरांनी बजावलं आणि माझी खरेदी झाली.

"अण्णा, स्वल्प घट्ट होतायत. एक नंबर मोठा देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"नको, नको. घालून घालून सैल होतील."

सकाळची वेळ होती. पाय अजून दिवसभराचे थकून फुगले नव्हते. बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्यावेत आणि पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी राहतेय का ते उभं राहून बघावं, एवढं साधं गणित. पण ते कुणाला सुचलं नाही. मी सैल झालो, पण अण्णांची करंगळी चेपून चेपून तिला घट्टे पडल्यानंतर.

तरी ते दिवस सुखाचे होते. पहाटे बागेत फेऱ्या, कडुनिंबाखाली दोन मिनिटं उभं राहणं, ओळखीच्या माणसांना हात. "बूट झकास आहेत!" असं अण्णा भेटेल त्याला सांगत, आणि मी फुगून जाई. पण बागेतून घरी येऊन तेच घामट मोजे, तोच मी, आणि थेट गोदाम. संध्याकाळी कोपऱ्यात ढकललं की सकाळी पुन्हा तेच. मला कधी ऊन दिसलं नाही. आतली ओल वाळायच्या आत दुसऱ्या दिवसाची ओल येई.

वरच्या मजल्यावर शाल्मली राहायची. पुण्याहून नोकरीला आलेली, व्हाइटफील्डला ऑफिस, आणि रविवारी लांब लांब पळायची. एकदा जिन्यात तिनं नाक मुरडलं.

"काका, सॉरी हं, पण तुमचे शूज! दोन जोड ठेवा ना. एक चालायला, एक कामाला. आणि यांना जरा गॅलरीत ठेवा."

"बुटांना काय गॅलरी पाहिजे? ते काय पाहुणे आहेत?"

"आणि मोजे पांढरे घाला. काही लागलं, खरचटलं, तर लगेच दिसतं. मी रोज पळून आले की पाय धुते, बोटांच्या मधलं कोरडं करते, तळवा बघते. तुम्हाला तर शुगर आहे."

"पांढरे मोजे? मी काय शाळेत जातोय?" अण्णा हसले. "आणि पाय बघायचे ते देवाचे, बाळ. आपले बघून काय मिळणार?"

त्यांची बायको महानंदाक्का दारातून ऐकत होती. म्हणाली, "काही सांगू नकोस त्यांना गं बाई. यांना वाकायचा आळस, आणि वर नाव देवाचं!"

अण्णांच्या तळव्यांची आधी फार आग व्हायची. रात्री ते ओलं फडकं पायांवर टाकून झोपत. मग हळूहळू ती आग थांबली. आधी टाचेची, मग बोटांची. एके दिवशी अण्णा हात जोडून म्हणाले, "महानंदा, पाय अगदी शांत झालेत बघ. त्याची कृपा." त्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की त्यांचा पाय माझ्यात उतरतो, पण माझी चौकशी करत नाही. पूर्वी नाडी जास्त ओढली गेली की बोटं कुरकुरायची, सरकायची. आता काही नाही. जसं कुणी पाहुणा घरात यावा आणि त्यानं एक शब्द बोलू नये. मला ती शांतता आवडली नाही.

मराठी मंडळाच्या सभागृहात दर वर्षी रामनवमीला कीर्तन असतं. मी ते नेहमी दाराबाहेरून ऐकलेलं, चपलांच्या गर्दीत बसून. पण काय सांगू, मित्रांनो! झांज झणाणली आणि कीर्तनकारानं पहिली तान घेतली की माझ्यासारख्या रबराच्या जिवाला सुद्धा गहिवरून यायचं. अण्णा पहिल्या रांगेत बसत. आख्यानं त्यांना तोंडपाठ. यंदा मंडळाच्या गुरुराज यांनी त्यांनाच गळ घातली: "अण्णा, किती वर्षं ऐकणार? आता उभे राहा."

अण्णांनी आख्यान निवडलं ते सिंहासनावर बसलेल्या पादुकांचं. माझा ऊर भरून आला. आमच्या जातीचा एवढा मान दुसऱ्या कुठल्या गोष्टीत आहे?

रोज जेवणानंतर अण्णा दाराजवळच्या बोळकंडीत चिपळ्या घेऊन उभे राहत आणि तालीम करत. एका रात्री जोरात ताल धरला, आणि चिपळीचं एक घुंगरू तारेतून निसटलं. टणकन उडालं ते सरळ माझ्यात. गादीच्या कडेला, करंगळीखाली जाऊन रुतलं.

अण्णांनी सतरंजी झटकली. महानंदाक्कानं केरसुणी फिरवली. मांडणीखाली बॅटरी मारून पाहिली. मी ओरडत होतो, "अहो, माझ्यात! माझ्यात हात घाला!" पण बुटाला जीभ असते ती नुसती नावाची.

"जाऊ दे, सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "बाकीची आहेत की."

सकाळी त्यांनी माझ्यात पाय घातला. घुंगरू सरळ करंगळीच्या मुळाशी, तळव्याखाली. मी वाट पाहिली. आता पाय झटकतील, आता 'अगं आई' म्हणतील, मला उलटा करतील. तुमच्या पायाखाली साखरेचा दाणा आला तरी तुम्ही थांबता. अण्णांनी नाडी बांधली आणि निघाले.

बागेत ते भराभर चालले. पाऊल उचललं की घुंगरू जरा मोकळं होई, आणि दबक्या आवाजात वाजे. छुम. पाऊल टेकलं की गप्प. अण्णा मध्येच थबकले. कान दिला. इकडे तिकडे पाहिलं. पुन्हा चालले. छुम.

घरी आले ते डोळे भरूनच. "महानंदा, ऐक. चालताना मला घुंगरं ऐकू येतात गं. खरंच सांगतो. बागेत कुणी नव्हतं. मी चाललो की वाजतं, थांबलो की थांबतं."

"कान तपासून घ्या एकदा," महानंदाक्का म्हणाली.

"कान नाही गं! इतकी वर्षं सेवा केली, ती पोचली म्हणायची."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू! देवाच्या नावानं माणूस एवढा हरखलाय, आणि त्याच्या तळव्यात ते पितळ घर करतंय, हे फक्त मला माहीत. मी आकसायचा प्रयत्न केला. गादी जरा वर घ्यावी, घुंगरू कडेला ढकलावं. काही जमेना. दुसऱ्या दिवशी आत ओल आली, ती घामाची नव्हती. मोजा काळा. काळ्यावर लाल कुठून दिसणार?

रामनवमीच्या दुपारी महानंदाक्कानं विचारलं, "तास-दोन तास उभं राहायचंय. पाय दुखत नाहीत ना?"

"अजिबात नाही."

खोटं बोलले नाहीत ते. खरंच दुखत नव्हते.

सभागृहाच्या दाराबाहेर त्यांनी आम्हाला काढलं, मोजे आमच्यात कोंबले आणि अनवाणी आत गेले. मला पहिल्यांदाच कीर्तन ऐकवेना. अण्णांचा आवाज सुरेख लागला होता. तबला रंगला, लोक डोलत होते, हशा पिकत होता. आणि मी बाहेर धडपडत होतो. प्रत्येक ठेक्याबरोबर पाऊल आपटतंय, ते माझ्यापर्यंत पोचत होतं. मनात एकच, ते पाऊल.

पूर्वरंग संपला. आता प्रथेप्रमाणे कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा आणि एकेकानं वाकून नमस्कार करायचा. बायका, मुलं रांगेनं येऊ लागली. तेवढ्यात आतून शाल्मलीचा आवाज आला.

"काका, इथे कुंकू सांडलंय का?"

"नाही गं. का?"

"माझ्या हाताला..." ती थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "हे कुंकू नाहीये. काका, पाय उचला. प्लीज, पाय उचला."

"अगं, थांब, थांब. लोक बसलेत. उत्तररंग राहिलाय."

"केवढी जखम आहे! दुखत नाही तुम्हाला?"

"नाही तर!"

"काका, म्हणूनच मला भीती वाटतेय."

सभागृहात कुजबुज झाली. गुरुराज म्हणाले, "अण्णा, पट्टी बांधू. तासाभराचा तर प्रश्न आहे." अण्णाही लगेच, "हो, हो. पादुका अजून सिंहासनावर बसल्या नाहीत. अर्ध्यावर कीर्तन कसं सोडू?"

तेव्हा महानंदाक्का उठली. चारचौघांत कधी न बोलणारी ती बाई, पण आवाज दारापर्यंत खणखणीत आला. "आख्यान मला पाठ आहे. सगळ्यांना पाठ आहे. पादुका सिंहासनावर बसणार, त्यात काही बदल व्हायचा नाही. तुम्ही ऑटोत बसा."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

शाल्मलीनं अण्णांच्या खांद्यावरचं उपरणं घेऊन पायाला गुंडाळलं. दोघा-तिघांनी त्यांना उचलून पायरीवर बसवलं. महानंदाक्कानं मला हातात घेतलं, मोजा काढला, आणि कोण जाणे काय मनात आलं, उलटं करून झटकलं.

छुम.

फरशीवर घुंगरू गरगरत गेलं आणि अण्णांच्या समोर जाऊन थांबलं. अण्णांनी वाकून ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हे वाजत होतं होय!"

डॉक्टरांना दाखवायला म्हणून शाल्मलीनं मला पिशवीत घालून बरोबर नेलं. डॉक्टर वयस्क, शांत. त्यांनी जखम धुतली. मग नायलॉनच्या दोऱ्यासारखी लवचीक, बारीक काडी घेतली. "रघुपतीअवरे, डोळे मिटा. पायाला स्पर्श झाला की 'हो' म्हणा. सरी?"

"सरी."

अण्णांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी काडी अंगठ्याला टेकवली. मग बोटांना. मग तळव्याच्या मधोमध, काडी वाकेपर्यंत.

डॉक्टरांनी काडी उचलली आणि पुन्हा टेकवली.

"करा ना सुरू, डॉक्टर," अण्णा म्हणाले.

महानंदाक्कानं पदर तोंडाला लावला. शाल्मलीनं मान वळवली. अण्णांनी डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि काय झालं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

साखरेनं पायाच्या नसा मुक्या होतात, डॉक्टर म्हणाले. आग होत होती तोवर पाय बोलत तरी होता. जखम खोल गेलीय. पाय जमिनीला टेकवायचा नाही. बोट वाचेल का, ते आज सांगता यायचं नाही. चार दिवस उशीर झाला असता तर मी बोटाबद्दल नाही, पायाबद्दल बोललो असतो, असंही ते म्हणाले.

घरी परतताना ऑटोत अण्णांचा पाय अक्काच्या मांडीवर होता. ते बाहेर बघत म्हणाले, "मी कृपा समजलो गं. पायाच्या शांततेला आणि त्या घुंगराला, दोन्हींना."

"कृपा नव्हती कशी?" अक्का म्हणाली. "ती पोरगी वाकली, ती काय होती?"

आता गोदाम बंद, बागेतली फेरी बंद. मी फळीवर. रोज संध्याकाळी महानंदाक्का पाट घेऊन खाली बसते, पट्टी सोडते, औषध लावते. अण्णांना तळवा दिसत नाही, म्हणून ते विचारतात, "कसं आहे?" ती नीट बघून सांगते, "कालच्यापेक्षा बरं." कधी कधी मात्र उत्तर द्यायला तिला वेळ लागतो. तो वेळ मला सोसत नाही. दुसरा पायही ती तपासते, बोटं फाकवून, पुसून. अण्णा आधी संकोचायचे. आता स्वतःच पाय पुढे करतात.

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, आणि काहींचे पायही बोलायचे थांबलेले असतात. मग राहता तुम्ही. पळून आलात, खेळून आलात, की पाय धुवा, कोरडे करा, आम्हाला ऊन दाखवा, घालण्याआधी उलटं करून झटका. एवढं तर तुम्ही कराल. पण आज घरी एक काम आणखी करा. तुमच्याकडे दिवसभर उभं राहणारं कुणी असेल, साखरेचं औषध घेणारं कुणी असेल, तर त्यांना पाय दुखतात का म्हणून विचारू नका. ते नाही म्हणतील, आणि ते खरंही असेल.

खाली बसा आणि बघा.