थोरलीचा रुपया

माझ्या सासूबाई, आत्याबाई, बहिणीला भेटायला हर्सूलला निघाल्या. त्यांची पाठ गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली, तशी रखू माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मावशी, तुझ्या गळ्यातला तो रुपया मला देती का? आजच्या दिवस.”

मी कणीक मळत होते. हात तसेच परातीत राहिले.

रखू आठ वर्षांची. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची, साळूबाईंची लेक. साळूबाई काविळीनं गेल्या तेव्हा ही जेमतेम तीनची होती. वर्षभरानं मी या घरात आले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. उलटून नाही, रुसूनही नाही. पाहुणी असल्यासारखी.

बोलणं सुरू झालं ते या उन्हाळ्यात, तीन पैशाच्या एका नाण्यानं. दुकानदारानं सुट्ट्यांत तिच्या हातावर ते टेकवलं होतं. सहा कोपऱ्यांचं, हलकंफुलकं, आता कुठंच न चालणारं. पोरगी मूठ मिटून उंबऱ्यात उभी राहिली, मार खायच्या तयारीनं. मी म्हटलं, “अगं, किती छान आहे! खर्चायचं कशाला, ठेवून देऊ.” मग काडीपेट्या जमवल्या, एकेकीत एकेक नाणं. कमळाचं पितळी वीस पैशांचं, मधे भोक असलेला पैसा. शेजारच्या खालांनी तर पानदानातून एक काळंभोर तांब्याचं नाणं काढून दिलं. “ले गे मां, निजाम के जमाने का है। अब इसके चने बी नै आते.” दुपारी आम्ही तिघं फरशीवर बसायचो. दोन वर्षांच्या भिकनकडं काम एकच, काडीपेट्या उघडायच्या आणि मिटायच्या. रखू नाण्यावरची सालं वाचून दाखवायची आणि वाचता वाचता माझ्या मांडीला टेकायची. आपण टेकलोय हे तिच्या लक्षातही यायचं नाही. मी हलायचे नाही.

पण हा रुपया वेगळा.

आमच्याकडं दुसरेपणाची बायको मेलेल्या थोरलीचा टाक, तिच्या नावाचा चांदीचा पत्रा, गळ्यात घालते. सणावाराला आधी तिला नैवेद्य, मग आपलं ताट. माझं पहिलं बाळ सव्वा महिन्याचं होऊन गेलं, तेव्हा देवऋषी म्हणाला, थोरली रुसली आहे, नुसत्या नैवेद्यावर ती राजी नाही. साळूबाईंच्या माळेत चारमिनार उमटवलेला चांदीचा एक रुपया होता. आत्याबाईंनी सोनाराकडून त्याला कडी डाकून घेतली आणि काळ्या दोऱ्यात ओवून अमावास्येला माझ्या गळ्यात बांधला. अंघोळीलासुद्धा काढायचा नाही. त्यानंतर भिकन झाला. देवाकडं भीक मागून घेतलेला, म्हणून भिकन. मी सातवी शिकलेली बाई, पण पोरगं नुसतं शिंकलं तरी माझा हात आधी त्या रुपयाकडं जायचा.

“कशाला गं तुला तो?” मी विचारलं.

“आईचा हाय ना. फोटू बी नाय तिचा.”

“तुला कोणी सांगितलं आईचा म्हणून?”

“आज्जी सांगत व्हती गल्लीतल्या राजाबाईला. की आईनं तुझं बाळ नेलं, म्हणून तिला तुझ्या गळ्यात बांधून ठेवलंय.” भाजीला काय आहे ते सांगावं, तसं सांगितलं तिनं. मग माझ्याकडं बघत राहिली. “नेलं का गं तिनं?”

“नाही. खोटं आहे ते.”

“मंग दे की.”

खोटं आहे म्हणून मीच सांगितलं होतं. हात धुतले, दोरा डोक्यावरून काढला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. मान एकदम हलकी झाली. नको इतकी हलकी.

रुपया काडीपेटीत मावेना, कडी आड येत होती. रखूनं तो भिंतीला टेकवून उभा केला आणि आमची सगळी नाणी त्याच्यापुढं मांडली. एकेक उचलून ती त्याला हळू आवाजात सांगत होती, “हे तीन पैशाचं, आई. ह्याला सहा कोपरे हायत. हे खालांनी देलं. हे काडीपेट्या उघडतंय ना, त्यो भिकन.” मी पोळ्या लाटत पाठमोरी बसले होते. पोळी करपली तरी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती बोलायची थांबली असती.

भिकन जेवला नाही. उन्हाची कलकल असेल म्हणून थोपटून निजवला. उठला तेव्हा अंग तव्यासारखं. मी फडकं भिजवायला मोरीकडं वळले आणि मागनं रखू किंचाळली.

भिकनचे डोळे वर गेले होते. हातपाय ताठ, जबडा मिटलेला, ओठांना निळसर झाक. मी त्याला उचललं. लाकूड उचलल्यासारखा लागला.

रखू भिंतीपाशी पळाली. मला वाटलं, रुपया आणून माझ्या अंगावर टाकेल. तिनं तो दोन्ही मुठींत धरला आणि तोंडाशी नेऊन म्हणाली, “आई, सोड गं त्याला. सोड. मी नाय बोलत तुझ्याशी, जा.”



“रखू, चल!” एवढंच म्हटलं. पायात चप्पल न घालता मी गारखेड्याच्या रस्त्यानं धावत सुटले. मागनं तिची पावलं वाजत होती. दवाखान्याच्या पायरीवर भिकनचं अंग सैल पडलं. सैल पडलं म्हणजे काय झालं, हे मला कळेना. मग तो रडला. डॉक्टरांनी सुई दिली, छाती तपासली. म्हणाले, या वयात ताप चढला की काही मुलांना असा झटका येतो. पुन्हा आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, लगेच घेऊन या. ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा.

घरी आलो तर दारात आत्याबाई. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली.

“दोरा कुठंय?”

“रखूकडं. भिकनला झटका आला होता. दवाखान्यातून आणलं आत्ताच.”

“द्वारके!” त्यांनी चौकट धरली. “येड लागलं का तुला? एक घालवलं, आता हे बी घालवती का? घाल. आधी गळ्यात घाल त्यो!”

रखूनं हात पुढं केला. तळहातावर चारमिनारचा वळ उमटला होता. “घे आज्जी. मला नको ती. लई वाईट हाय ती.”

“कोण वाईट?”

“आई.”

आत्याबाईंनी चौकट सोडली.

भिकन माझ्या खांद्यावर धगधगत होता. मला तो रुपया हवा होता. शिकलेलं सगळं बाजूला ठेवून हवा होता. नुसता हात लांबवायचा, दोरा गळ्यात घालायचा, की आत्याबाई गप्प बसल्या असत्या आणि मलाही धीर आला असता. पण मग या पोरीनं जन्मभर काय समजायचं? की तिची आई लेकरं खाते, आणि सावत्र आईनं तिला दोऱ्यात अडकवून ठेवलंय.

मी भिकनला गादीवर ठेवलं आणि रखूची मूठ माझ्या हातानं मिटवली.

“ताप आलाय त्याला. तापानं झालं. तुझ्या आईनं काही केलेलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?”

“मंग तू घाल की गळ्यात.”

“नाही. तुझ्याकडंच राहू दे. आणि आईला घेऊन बस त्याच्या उशाशी.”

“परत झटका आला तर?”

“आला तर आपण दोघी त्याला कुशीवर वळवू, दवाखान्यात नेऊ. तिच्यावर आळ नाही घालायचा.”

ती हळूच बसली. भिकनपासून हातभर लांब. रुपयाची मूठ पाठीमागं.

“आन् काय झालं म्हंजी?” आत्याबाईंचा आवाज चिरकला. “कंपनीतून माझा त्रिंबक यील, त्याला काय तोंड दावशील?”

“नाही दाखवता येणार,” मी म्हटलं. मी फडक्याची पट्टी पिळून भिकनच्या कपाळावर ठेवली.

आत्याबाई आत गेल्या. आता देव्हाऱ्यापुढं बसतील, नाहीतर गठुडं बांधतील, असं वाटलं. त्या रांजणाचं पाणी बादलीत घेऊन आल्या आणि गुडघ्यावर हात टेकत रखूच्या शेजारी बसल्या. तिच्या पाठीमागच्या मुठीकडं त्यांनी बघितलं.

“साळे,” त्या एकदम म्हणाल्या.

इतक्या वर्षांत या घरात हे नाव मी मोठ्यानं ऐकलं नव्हतं. त्या म्हणायच्या ‘थोरली’, आणि तेही कुजबुजत.

“साळे, ऐक गं बाय. मी तुला नाय नाय ते बोलले. तुझीच लेक हितं बसलीया. तिच्या भावाकडं ध्यान ठिव.”

रखूनं मान वर केली. “तू तिला साळे म्हणायची?”

“मंग? भांडताना साळे, लाडात आल्यावर साळूबाय.”

“ती भांडायची?”

“लई. एकडाव मला म्हणती कशी, आत्याबाई, ही भाकर हाय का गावाचा नकाशा? ह्याच्यात आपलं घर कुठंय तेवढं दावा, मंग खाते.” आत्याबाईंना हसू फुटलं, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

रखूही हसायला लागली होती. भिकनकडं बघून तिनं ओठ दाबले.

“हस गं,” मी म्हटलं. “त्याला आवडतं तू हसलेली.”

भिकन कण्हला. मी चमच्यानं पाणी घातलं, ते त्यानं गिळलं. अंग अजून गरमच होतं. रखू सरकत सरकत त्याच्या उशाला टेकली. पाठीमागची मूठ तिनं पुढं आणली आणि मांडीवर ठेवली.

“आणिक काय म्हणायची?” तिनं विचारलं.

आत्याबाईंनी भिकनच्या कपाळावरची पट्टी उलटली आणि सांगायला लागल्या.