चालणारी जोडवी

कुंभार पिंपळगावच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा महाराजांच्या मांडवात जास्त गर्दी होती. तिथे मेलेल्या बायका भेटत होत्या.

चौरंगावर पितळी ताट. त्यात गेलेल्या बाईची जोडवी ठेवायची. महाराजांनी नाव पुकारलं की जोडवी सरकायची. सासूची जोडवी चालताना पाहून चतुराबाई ओरडली, "आत्याबाई आल्या वं!"

सुवासिनी गेली की आमच्याकडे तिची जोडवी जपून ठेवतात. वर्षश्राद्धाला ती आटवून देवघरासाठी चांदीचा टाक करतात. माझ्या उषाचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मी जोडवी घेऊन गेलो, पण मनात खुटखुट होती.

"महाराज, तिचं लुगडं आणू का?"

"लुगड्यात जीव राहत न्हाई, रामकिसन. चांदीत राहतो."

"अन् चष्म्यात?"

लोक हसले. महाराज हसले नाहीत.

आधी स्नान. त्यांनी जोडवी हळदीच्या पाण्याच्या घागरीत टाकली, हात घालून वर काढली आणि ताटात ठेवली. "उषाबाई!"

जोडवी माझ्याकडे सरकली. खुटखुट होती, तरी डोळे भरून आले.

"ती म्हणून राह्यली, मला आटवू नका. सोनाराला दावू नका. घरी तशीच पुजा."

टाक करायचा नाही? आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

माझी मुलगी दैवशाला मंठ्याला शाळेत विज्ञान शिकवते. ती सोबत होती. तिने पायातलं जोडवं काढून ताटात ठेवलं. ते हललं नाही.

"जित्या बाईचं चालत न्हाई!" महाराज म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

मग तिने केसातला लोखंडी आकडा काढून ठेवला. तो सुळकन सरकला.

"महाराज, ह्यो आकडा कोण्या मेलेल्या बाईचा?"

मांडवात खसखस पिकली. शेजारच्या संपतने आपला अडकित्ता चौरंगाखाली नेला. तो खट्कन चौरंगाखाली सरकवलेल्या महाराजांच्या गुडघ्याला चिकटला. धोतराखाली लोहचुंबक बांधलेलं होतं.

"पितळातून, लाकडातून त्याची ओढ आरपार जाते," दैवशाला म्हणाली.

"मंग तुझं जोडवं का सरकलं न्हाई?" संपतने विचारलं.

"ते चांदीचं हाय. लोहचुंबक लोखंड, पोलाद, निकेल ओढतं. सोनं, चांदी, तांबं, पितळ न्हाई." ती माझ्याकडे वळली. "बापू, ही जोडवी सरकली. म्हणजे ही आईची न्हाईत."

मी एक उचलून पाहिलं. उषाचं डावं जोडवं कडेला झिजून पातळ झालं होतं. हे सगळीकडून सारखं जाड होतं. मी घागर उपडी केली. पिवळ्या पाण्यासोबत किती बायकांची जोडवी मातीत पडली! स्नानाच्या नावाखाली महाराज खरी पाण्यात ठेवून मुलाम्याची लोखंडी वर काढत होते; सोनाराला दावू नका, ते त्याचसाठी. आमच्याकडची जोडवी दिसायला एकसारखी, म्हणूनच त्यांनी जोडवी मागितली होती. झिजलेलं जोडवं मला बोटांनीच सापडलं. चतुराबाई चिखलात बसून सासूची शोधत होती. आता ती महाराजांना शिव्या देत होती.

वर्षश्राद्धाला टाक झाला. उषा आली नाही. ती येणार नाही, हे मला मांडवात जायच्या आधीही माहीत होतं.

कोणी तुमचं गेलेलं माणूस दागिन्यात दाखवलं तर रडू येईल. रडा. पण सोन्या-चांदीच्या दागिन्याला आधी लोहचुंबक लावा. चिकटला नाही म्हणजे चांदीच, असं नाही. पण चिकटला, तर तो तुमच्या माणसाचा नव्हे.