पेटी उचलायची रीत

“पण मग हे सगळं मागे का पडलं?” ऋतानं विचारलं आणि मोबाइल माझ्या गुडघ्याजवळ सरकवला.

ही दादरची मुलगी. कुठल्याशा मासिकासाठी मराठी रॅपवर लिहीत होती. मंगळवारी चाव्या देऊन पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची होती, त्यामुळे खोलीत बसायला धड जागा नव्हती. ती गादीच्या वळकटीवर टेकली होती, मी खुर्चीवर होते आणि माझा नातू हितेंद्र खोक्यांना सुतळी आवळत होता.

“मघाशी सांगितलं ना,” हितू म्हणाला. “कंपन्यांना हिंदी पायजे. मराठी म्हटलं की दोन ओळी मध्ये टाका, फोडणीला. मग दिल्लीची पोरं आली, पंजाबी आलं. आमच्यातले अर्धे बदलापूर, अर्धे पनवेल. रिहर्सलला यायलाच दोन तास.”

“आणि ते पण सांग,” दारातून अमित म्हणाला. हा हितूचा मित्र, तोंडानं ढोल वाजवणारा. “आपण तेच तेच केलं ना यार. प्रत्येक गाण्यात चाळ, गिरणी, वडापाव. मीच बोअर झालो, पब्लिक काय होणार नाय?”

“तू गप रे. तू आता नालासोपाऱ्याचा.”

“म्हणून तर व्हिसा काढून आलोय. आजी, चाय?”

“कपबश्या खोक्यात गेल्या,” मी म्हटलं.

ऋता हसली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. “आजी, तुम्ही तर खिडकीतून सगळं पाहिलंय. तुमच्या मते काय झालं?”

“मला काय कळतं त्यातलं,” मी म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी खोटं बोलले होते. मला थोडंफार कळत होतं, आणि पाच वाजता ते खाली मैदानात उघडं पडेल, या भीतीनं मी सकाळपासून घड्याळ बघत होते.

*

आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मैदानाच्या बाजूला. या खोलीत मी चौपन्न वर्षं काढली. आधी खाणावळ चालवली, गिरणीच्या तीन पाळ्यांचे डबे केले. संपानंतर गिऱ्हाईकच उरलं नाही, तेव्हा लालबागला मसाला कुटायच्या डंखावर मिरच्यांचे देठ खुडायला गेले. पण खिडकी तीच राहिली. मैदानात जे जे झालं ते मी तिथून ऐकलं.

हितूनं आणि त्याच्या दोस्त वैभवनं दर रविवारी पाच वाजता मैदानात पोरं गोळा करायला सुरुवात केली, त्याला आता नऊ वर्षं होतील. गोल करून उभं राहायचं, मधे एकानं यायचं, समोरच्याला शब्दांत धरायचं. त्यांनी नाव ठेवलं होतं ‘तिसरी पाळी’. पहिल्या रविवारी सात जण होते. दोन वर्षांनी दोनशे. परळहून, लालबागहून, चिंचपोकळीहून पोरं चालत यायची. मुंबईत मराठी रॅप म्हटलं की आधी आमच्या मैदानाचं नाव निघायचं. पोलीस क्वार्टर्समधले हवालदार बनियनवर खिडकीत येऊन ऐकायचे.

शेजारणी नाकं मुरडायच्या. मला मात्र त्यात काही नवीन वाटलं नाही. आमच्या कोकणात डबलबारी असते. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, दोघांच्या पेट्या, दोघांचे पखवाज. एक बुवा गाता गाता सवाल टाकतो, दुसऱ्यानं तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत उत्तर द्यायचं. माझा नवरा बुधाजी बुवा होता. गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर काम करायचा आणि गणपतीत, माघी जयंतीत बारीला बसायचा. तो पेटीवर हात ठेवायचा तेव्हा अख्खं मैदान गप्प व्हायचं.

चौऱ्याहत्तर साली परळच्या एका बारीत समोरच्या बुवानं त्याला सवाल टाकला आणि बुधाजीला उत्तर आलं नाही. असं व्हायचं, त्यात काही नव्हतं. आमच्या मंडळींची एक रीत होती. जो अडला त्यानं समोरच्या बुवाची पेटी आपल्या हातानं उचलायची आणि त्याच्या गाडीपर्यंत पोचवायची. मग दोघं मिळून चहा प्यायचे. बुधाजीनं पेटी उचलली नाही. चपला घातल्या आणि घरी आला. मी भात वाढला, तर म्हणाला, “माका नको.” एवढंच. त्यानंतर कोणी त्याला बारीला बोलावलं नाही. आपली पेटी त्यानं कपाटावर ठेवली आणि पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, झाकण उघडलं नाही. गिरणीतून यायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी त्या पाठीशी संसार केला.

हे मी हितूला कधी सांगितलं नाही. आजोबा भजन करायचे, एवढंच त्याला माहीत.

*

सहा वर्षांपूर्वी एका कंपनीनं ‘तिसरी पाळी’तल्या एकट्या हितूला गाणं दिलं. वैभवला लागलं. पुढच्या रविवारी दोनशे पोरांसमोर तो गोलात आला आणि त्यानं हितूला सवाल टाकला. मी खिडकीत होते. चार ओळींचा तो सवाल आणि त्यात बुधाजीची पेटी! लहानपणापासून आमच्या घरी जेवलेला पोर, त्यानं कपाटावर पाहिली असणारच.

मी खाली हितूकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. आणि मला ती पाठ दिसली. भिंतीकडे वळलेली.

मी खिडकीतून ओरडले, “हितू, छातीत दुखतंय रे!”

तो गोल तोडून धावत वर आला. टॅक्सीतून मला परळच्या हॉस्पिटलात नेलं. रात्रभर माझ्या उशाशी बसला. तपासणीचे सगळे कागद चांगले आले.

इकडे मैदानात पोरं म्हणाली, हित्या पळाला. ते त्याच्या कानावर गेलं, तेव्हा चौथ्या दिवशी त्यानं खोलीत दार लावून वैभवला उत्तर दिलं, मोबाइलसमोर. तीन दिवस बसून घासून लिहिलेलं. लाखो लोकांनी पाहिलं. वैभवनं त्याच्या मोबाइलवरून उलट उत्तर दिलं. ते पाहून लालबागच्या पोरांनी, परळच्या पोरांनी तेच सुरू केलं. घरी बसून शिव्या लिहायच्या, दहा वेळा म्हणून बघायच्या, चांगली जमली की सोडायची. रविवारी मैदानात दोनशेचे ऐंशी झाले, ऐंशीचे तीस. जे यायचे तेही जिंकायला यायचे, हरायला कोणी तयार नसायचं. मग लॉकडाऊन आला आणि उरलेलंही पांगलं.

इतक्या मोठ्या गोष्टीला एक म्हातारी कारण होऊ शकत नाही, हे मला कळतं. दिल्ली, पंजाबी, कंपन्या, बदलापूरची गाडी, सगळं खरंच असेल. पण त्या पोरांच्या गाण्याला जी धार होती ती समोरासमोर उभं राहून आलेली होती, आणि त्या गोलातून पहिला माणूस मी बाहेर काढला.

आता चाळच चालली होती. मंगळवारनंतर मैदानाला पत्रे लागणार. म्हणून हितूनं आठवडाभरापूर्वी वैभवला निरोप पाठवला होता, “शेवटच्या रविवारी ये. तुझा सवाल बाकी आहे.” निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

“नाय आला तर विषय संपला,” हितू मला म्हणाला होता. “माईक अमितला देऊन टाकतो. आपण आपला एक्स-रेचा जॉब करायचा.”

तो येऊ नये, असं मी देवाला सांगत होते. सांगताना लाज वाटत होती, तरी सांगत होते.

*

पाच वाजता हितूनं माझी खुर्ची खाली नेली. मैदानात नऊ जण होते, ऋताला धरून. तीन पोरं तर नुसती बाजूच्या चाळीतली, क्रिकेट थांबवून आलेली.

सव्वापाच झाले. अमित तोंडानं उगाच ढोल वाजवत होता. हितू फाटकाकडे बघत नव्हता, म्हणजे त्याचं सगळं लक्ष फाटकाकडे होतं.

पाच-पंचवीसला वैभव आला. पोट सुटलेलं, केस मागे गेलेले, हातात काळा मोठा स्पीकर. एक हात कंबरेवर.

“काय रे, म्हाताऱ्या?” हितू म्हणाला.

“बदलापूरवरनं हे धूड आणलंय. स्लिप डिस्कवाला माणूस मी. पहिलं पाणी दे, मग इज्जत काढ.”

“इज्जत आणलीस का?”

“एकच होती, ती इथेच सोडलेली सहा वर्षांपूर्वी. बघ कुठे सापडते का.”

पोरं हसली. वैभव माझ्या पाया पडला. “आजी, छाती बरी आहे ना?” त्यानं सहज विचारलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

गोल झाला. नऊ माणसांचा गोल केवढासा! अमितनं ठेका धरला. वैभव मधे आला, हितूकडे बोट केलं.

“स्टेजवर चढलास, हित्या, शिडी कुणी धरली, आठवतं का रे?
गिरणगाव गिरणगाव करतोस, भोंगा तरी ऐकला का रे?
घरात आज्याची पेटी…”

आणि थांबला. ठेका चालू राहिला. वैभवनं कपाळावर मूठ आपटली. “आयला… घरात आज्याची पेटी… गेलं यार. व्हिडिओ पण नाय कुणाकडे. पुढचं काय होतं?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. अमितनंही मान हलवली. सवालच हरवला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. पोरं हसली असती, मिठ्या मारल्या असत्या, हितू पुन्हा एकदा वाचला असता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाचल्यासारखा दिसत नव्हता. सहा वर्षं उभा असलेला माणूस दिसत होता.

“तिचं झाकण का नाही उघडत, सांग,” मी खुर्चीतून म्हटलं. माझा आवाज चिरका आला, तरी ठेक्यात बसला. “जो घरातच मुका बसला, तो चाळीचा आवाज कसा, सांग!”

अमितचा ठेका बंद पडला.

हितू माझ्याजवळ आला. “तुला पाठ आहे? तू तर तेव्हा…”

“छातीत काही दुखत नव्हतं रे, हितू. तुझे ओठ नुसते हलत होते. मी घाबरले. तुझा आजोबा असाच अडला होता आणि पेटी न उचलता घरी आला. मग अकरा वर्षं मी त्याची पाठ बघितली.”

वैभव दोन पावलं पुढे आला. “म्हणजे हा पळाला नव्हता?”

“मी पळवला.”

वैभवनं मान खाली घातली. हितूच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, पुन्हा आला. मला वाटलं, आता हा वर जाईल आणि भिंतीकडे तोंड करून बसेल. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“अमित,” हितू म्हणाला, “ठेका दे.”

“देऊ?”

“दे बोललो ना. सवाल बाकी आहे.”

तो वैभवसमोर जाऊन उभा राहिला. मोबाइल कोणी वर केला नाही. ऋतानंही नाही.

“भोंगा नाही ऐकला, भावा, आजीच्या झोपेत ऐकलाय,
चार वाजता उठून म्हणते, कुणाचा डबा राहिलाय?
शिडी तू धरलीस, मान्य, पाय तुझ्या हातावर पडला,
पेटीचं झाकण…”

तो थांबला. ठेक्याचे चार ठोके गेले. आठ गेले. त्याचे ओठ हलले, जसे तेव्हा हलले होते. कपाळावर घाम आला. मी डोळे मिटले नाहीत. यावेळी बघायचं, असं ठरवलं होतं.

“पेटीचं झाकण… नाय येत,” हितू म्हणाला. “नाय येत, भाई. अडलो मी. तुझी बारी.”

वैभवनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. मग म्हणाला, “तिसरी ओळ भारी होती पण.”

“तिसरीच ना. चौथी कुठाय?”

“चौथीला बदलापूरला ये. मिसेस मासे करते.”

हितू हसला. खरंच हसला. मग तो माझ्याकडे वळला. “आजी, काय करायचं असतं? अडलेल्या माणसानं?”

“समोरच्याची पेटी उचलायची,” मी म्हटलं. “गाडीपर्यंत.”

“आणि मग?”

“मग चहा.”

“कपबश्या बाहेर काढ. नऊ… नाय, दहा जण आहेत.”

मी वर आले. अमित माझा हात धरून होता. त्यानं खोक्याची सुतळी कापली आणि मी खिडकीपाशी गेले. खाली वैभव नको नको म्हणत होता आणि हितूनं तो काळा स्पीकर खांद्यावर घेतला होता. क्वार्टर्सच्या भिंतीजवळून तो बस स्टॉपकडे निघाला, ओझ्यानं एका बाजूला कललेला, आणि दर चार पावलांनी मागे वळून वैभवला काहीतरी बोलत होता.

“चहा न पिताच निघाले की हे?” अमित म्हणाला.

“आधी गाडीपर्यंत, मग चहा,” मी म्हटलं. “दोघं परत येतील. तू आधण ठेव.”